पूजलेली काच

वेल्ह्याला कामाला लागले तेव्हा पहिल्या दिवशी मी संगणकाला हात लावला नाही. खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली. त्यासाठी कणकेची खळ घरूनच डब्यात नेली होती. खोलीला दोन खिडक्या होत्या आणि दोन्हींतून ऊन सरळ स्क्रीनवर यायचं. अक्षरांच्या जागी स्वतःचं तोंड दिसायचं. माझं तोंड मला माहीत होतं, ते बघायला भोरहून दोन एसट्या बदलून येण्याची गरज नव्हती.

ही दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. हाताने लिहिलेले सातबारे संगणकावर चढवायचं काम तेव्हा सगळीकडे चाललं होतं. आमच्याकडच्या काही गावांचं काम पुण्याच्या एका ठेकेदाराने घेतलं. वेल्ह्याच्या बाजारपेठेत त्याने एक खोली भाड्याने घेतली, एक संगणक ठेवला आणि आम्हा दोघी बायकांना कामाला लावलं. मी चाळिशीला टेकले होते. नवरा ज्या कारखान्यात होता तो बंद पडला होता, मुलं शाळेत होती, आणि घर माझ्या टायपिंगवर चाललं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी एका काचेवरून इतकी का भांडले ते कळेल.

दुसरी बाई आमच्याच गल्लीतली. तिच्या नवऱ्याचं हायवेला पंक्चरचं दुकान होतं. सगळी गल्ली तिला भाभी म्हणायची म्हणून मीही म्हणायचे, खरं तर ती माझ्याहून चांगली दहा वर्षांनी लहान. ती मला ताई म्हणायची. सकाळी आम्ही भोरहून निघायचो, कापूरहोळला उतरायचो, मिळेल त्या गाडीने नसरापूर गाठायचो आणि तिथून वेल्ह्याची एसटी. गाडीत तोरण्याला निघालेली पुण्याची पोरं असली तर त्यांच्या पाठपिशव्या आमच्या मांडीवर. खोलीवर पोचेपर्यंत दिवसाची अर्धी ताकद संपलेली असायची.

तिसरे भाऊसाहेब. महसुलातून निवृत्त झालेले अव्वल कारकून, ठेकेदाराने त्यांना तपासणीसाठी ठेवलं होतं. आम्ही टाइप केलेलं पान छापून निघालं की ते मूळ पानाच्या झेरॉक्सशी ताडून बघायचे आणि चूक दिसेल तिथे लाल पेन्सिलीने गोल करायचे. माणूस चांगला, पण आपलं म्हणणं सोडेल असा नाही.

कामाची रीत अशी. एकीने मूळ पानावरून मोठ्याने वाचायचं, दुसरीने टाइप करायचं, जेवणानंतर अदलाबदल. वाचणारीचा घसा बसायचा, टाइप करणारीचे डोळे. घशाला चहा असतो.

मॉनिटर चौदा इंची, मागे पोट सुटलेला. त्याच्यापुढे भाऊसाहेबांनी एक काच अडकवली होती. तेव्हा अशा काळसर काचा मिळायच्या, वरून दोन आकड्यांनी मॉनिटरला टांगायच्या. त्यांनी ती स्वतः पुण्याहून आणली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. "ह्या यंत्रातनं किरणं निघतात. काच नसली तर दोन वर्षांत डोळे जातील बायकांचे." काचेच्या आतल्या बाजूने धूळ बसायची, समोरून आमच्या श्वासाची वाफ. त्यातून बघायचं म्हणजे धुक्यातून पलीकडची पाटी वाचण्यासारखं होतं. म्हणून मग ब्राइटनेस वाढवायचा. वाढवला की अक्षराच्या कडा फुटल्यासारख्या दिसायच्या. म्हणून अजून पुढे वाकायचं.

मॉनिटरच्या खाली दोन चाकं होती, एक ब्राइटनेसचं, एक कॉन्ट्रास्टचं. त्यावरून आमचं रोज वाजायचं. मला पांढऱ्यावर काळी अक्षरं हवीत, कागदासारखी, आणि उजेड पूर्ण. भाभीला निळ्यावर पिवळी अक्षरं आवडायची.

"गार वाटतं, ताई. तुमचं ते पांढरं म्हंजे ट्रकचा हेडलाइट डोळ्यात मारल्यावानी हाय."

"आणि तुझं ते निळं म्हणजे विहिरीत वाकून शेवंती शोधायची."

शेवटी मी माझ्या कपाळाची टिकली काढून ब्राइटनेसच्या चाकाला लावली. टिकली वर आली की माझं सेटिंग. तिने दुसऱ्या दिवशी चिकटपट्टीचा तुकडा लावला, तिचं सेटिंग. भाऊसाहेब मध्येच येऊन दोन्ही खुणा सोडून चाक शेवटापर्यंत फिरवायचे. "लख्ख दिसू दे की! वीज काय तुमच्या घरची जाते का?"

असं चाललं होतं, त्यात खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा असते. कोयता, विळी, शिलाई मशीन, ट्रॅक्टर, ज्याच्यावर पोट त्याची. भाऊसाहेब सकाळी अंघोळ करून, धोतर नेसून आले. मॉनिटरला झेंडूची माळ घातली, नारळ ठेवला आणि तेलात कालवलेल्या कुंकवाने काचेवर बोटाने स्वस्तिक काढलं. चांगलं तळहाताएवढं, ठसठशीत, चार टिंबांसकट. आम्ही नमस्कार केला, पेढा खाल्ला. भाभीलाही पेढा दिला, तिनेही खाल्ला. इथपर्यंत सगळं ठीक.

सुट्टी संपवून कामावर आलो. मी नेहमीप्रमाणे ओला फडका घेऊन काच पुसायला गेले, तर भाऊसाहेबांनी हातच धरला.

"पूजलेलं पुसायचं नसतं, बाई. आपोआप जाईल."

"आपोआप कधी जाणार?"

"पुढच्या दसऱ्यापर्यंत जातंच की."

आता दाराच्या चौकटीवरचं कुंकू मीही पुसत नाही. ते वर्षभरात उडून जातं. पण दाराची चौकट दिवसभर कुणी वाचत बसत नाही. ह्यांचं स्वस्तिक स्क्रीनच्या मध्यावर, जरा डावीकडे. खालची अक्षरं दिसत नव्हती आणि कुंकवाचं तेल बाजूला पसरून गोल डाग पडला होता, त्याच्यातून दिसायचं ते फुगलेलं.

मी भाभीला हळूच म्हटलं, "मी चहाला जाते. तू पूस."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी? ताई, शानपन कुठं ठेवलं घरी? मुसलमानाच्या बाईनं पुसलं तर संध्याकाळच्या एसटीआधी बातमी भोरला पोचंल. तुमी पुसा."

तिचं बरोबर होतं. आणि मी पुसलं असतं तर भाऊसाहेबांनी ठेकेदाराला काय सांगितलं असतं कुणास ठाऊक. पूजा मोडणारी बाई म्हणून कामावरून गेले, हे घरी सांगायची माझी तयारी नव्हती.

म्हणून आम्ही जे केलं ते आमच्याच लोकांना सुचू शकतं. स्वस्तिकाला वळसा घातला. टायपिंगची खिडकी लहान करून स्क्रीनच्या उजव्या अंगाला सरकवली. मावावी म्हणून अक्षरं बारीक केली. बारीक दिसेनात म्हणून उजेड शेवटाला नेला. आणि माना उजवीकडे वाकड्या करून बसलो. दिवाळी तशीच गेली.

ह्या काळात लोक बघायला यायचे. गुंजवण्याकडचा एक म्हातारा तर कामासाठी वेल्ह्यात आला की हटकून दारात उभा राहायचा. "आमचं नाव दावा की, बाई. पेटीत गेलंय म्हनं." मी दाखवलं. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "टीवीवानी हाय, पन मानसं न्हाईत. आन हे मधी लाल काय?"

"स्वस्तिक आहे, बाबा."

"व्हय, ते कळतंय. आमच्या नावावर कशापायी?"

भाभी तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

हसण्यासारखं तेवढंच होतं. माझं डोकं दुखायला लागलं होतं. डाव्या भुवईच्या वर, दुपारी सुरू व्हायचं आणि नसरापूरला गाडी बदलेपर्यंत पूर्ण कपाळ धरायचं. घरी येऊन तांदूळ निवडायला बसले की खडे दिसायचे नाहीत. एकदा मुलाच्या दाताखाली खडा आला, तो ताट सारून उठला. नवरा म्हणाला, "सोड ते काम. आंधळी होशील." सोडून काय करायचं, ते त्याने सांगितलं नाही.

भोरमध्ये डोळे तपासले. चाळिशीचा चष्मा लागला. तो लावला की हातातलं पुस्तक स्वच्छ दिसायचं आणि हातभर लांबचा स्क्रीन पुसट. चष्मा लावून वाचायचं तर नाक काचेला टेकवायचं, काढून वाचायचं तर डोळे बारीक करायचे. मी काढूनच ठेवला.

मग ठेकेदार आला. आमच्या छापलेल्या पानांचा गठ्ठा त्याने टेबलावर ठेवला. लाल गोलांनी पानं भरली होती. बहुतेक चुका आकड्यांच्या. गट नंबरात एकच्या जागी नऊ, पाचच्या जागी सहा, क्षेत्राचे आकडे इकडचे तिकडे. दुसऱ्याच्या जमिनीचा आकडा चुकवणं म्हणजे काय, हे आम्हाला सांगायला नको होतं. आमच्याकडे बांधावरून भाऊ भावाशी बोलत नाही.

"पुण्यात माझ्याकडे मुली आहेत," तो म्हणाला. "पुढचा गठ्ठाही असाच आला तर सगळं काम तिकडे नेतो. तुम्ही घरी बसा."

तो गेल्यावर भाऊसाहेब म्हणाले, "लक्ष नसतं बायकांचं."

परतीच्या गाडीत भाभी माझ्या शेजारी होती. तिच्या नवऱ्याचं दुकान रस्तारुंदीत जाणार असं बोललं जात होतं, तिलाही हे काम हवंच होतं. उतरताना ती म्हणाली, "ताई, एक सांगू? मला निळ्यात आकडे नीट दिसत न्हाईत. पन डोळं दुखत न्हाईत, म्हनून मी सोडत न्हाई."

हे तिने सांगितलं म्हणून मी घरी विचार केला. तिला जे आवडत होतं त्यात तिला दिसत नव्हतं. मला जे आवडत होतं त्यात सकाळी दिसायचं, दुपारनंतर माझ्याही चुका व्हायच्या. म्हणजे आवड विचारून उपयोग नव्हता. आणि त्या सगळ्याच्या पुढे ती काच होती, त्यामुळे आम्ही कुठलंही चाक फिरवलं तरी भांडण त्या काचेशीच होतं. काच स्वच्छ करावी तर स्वस्तिक पुसायचं नाही. बरं, नको पुसायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब उदबत्ती लावत होते तेव्हा मी विचारलं, "भाऊसाहेब, देवाची जागा बदलायची तर काय करतात?"

"उचलून दुसरीकडे बसवतात. का?"

"पुसत नाहीत ना?"

"देव कुणी पुसतं का?"

"मग ही काच उचलून भिंतीवर बसवू. स्वस्तिक आहे तसं राहील. इथे आमची थुंकी उडते त्याच्यावर, दिवसभर बोलतो आम्ही."

हे शेवटचं त्यांना लागलं. पण किरणांचं काय? ते किरणांवर अडून बसले. मी म्हटलं, तुम्हीच वाचून बघा. एक पान स्क्रीनवर लावलं आणि त्यांना काचेतून वाचायला लावलं. दोन ओळींत तीनदा अडखळले, एक गट नंबर चुकीचा वाचला. मग काच उचलून भाभीच्या हातात दिली, नाही, भाभीने हात मागे घेतले, मीच धरून उभी राहिले. ते पुन्हा वाचायला लागले. सरळ वाचत गेले, न थांबता.

"कसं वाटलं?"

त्यांनी डोळे चोळले. "काचेतनंच बरं वाटत होतं."

"अहो, पण वाचता आलं ना आत्ता?"

"आलं. पण बरं काचेतनं वाटतं."

भाभी म्हणाली, "माझ्या निळ्याचं असंच हाय, भाऊसाहेब." ते हसले नाहीत, पण त्यांनी खिळा मागितला. कॅलेंडरशेजारी खिळा ठोकून काच टांगली आणि उरलेली उदबत्ती तिथे लावली. त्यानंतर रोज सकाळी त्यांची उदबत्ती तिथेच असायची.

काच गेली आणि पहिल्याच तासात आमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. धुक्यासाठी वाढवलेला उजेड आता उघडा समोर होता. भाऊसाहेब "बघा, किरणं" म्हणाले. मी चाक खाली आणलं, टिकलीच्याही खाली, भाभीच्या पट्टीच्याही खाली. स्क्रीनशेजारी पांढरा कागद धरला आणि स्क्रीन त्या कागदापेक्षा उजळ दिसणार नाही इथवर उतरवलं. कॉन्ट्रास्ट तेवढा वर ठेवला, अक्षर काळं दिसायला हवं. मग टेबल फिरवलं, खिडकी बाजूला येईल असं, आणि एका खिडकीचं वर्तमानपत्र मीच फाडून काढलं. अंधारात बसून दिवा बघण्यापेक्षा खोलीतही उजेड असलेला बरा. टायपिंगची खिडकी पूर्ण मोठी केली, अक्षरं दुपटीला नेली. चष्म्याशिवाय मागे टेकून वाचता आलं. मान सरळ झाली तेव्हा कळलं किती दिवस वाकडी होती.

एक उरलं होतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं की स्क्रीन थरथरायचा, जुन्या ट्यूबलाइटसारखा. पुण्याच्या दुरुस्तीवाल्याला एसटीडी बूथवरून फोन केला. त्याने सेटिंगमधली एक जागा सांगितली, स्क्रीन सेकंदाला किती वेळा उजळतो त्याचा तिथे साठ आकडा होता, तो पंचाहत्तर करा म्हणाला. केला. थरथर थांबली. एवढंच होतं. कुणी विचारलं नव्हतं म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

भाभीला हे नवं सेटिंग अजिबात आवडलं नाही. "दवाखान्यावानी दिसतंय सगळं." मी म्हटलं, नावडू दे. पण आठवडाभर ह्याच्यावर कर. तिने तोंड वाकडं करून केलं. शनिवारी भाऊसाहेबांची पानं आली तेव्हा तिच्या पानांवर लाल गोल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि माझ्याहून कमी. तिने पानं उलटीसुलटी करून बघितली. "तरी मला निळंच आवडतं," म्हणाली. मग आम्ही ठरवलं, आकडे पांढऱ्यावर, आणि गाडीच्या आधी शेवटी जी नुसती नावं राहतात ती निळ्यावर. त्यावरून पुन्हा भांडण झालं नाही. चाकाची टिकली केव्हातरी गळून पडली.

पुढचा गठ्ठा ठेकेदाराने नेला आणि काहीच बोलला नाही. त्या माणसाकडून तेवढंच मिळायचं. काम पुण्याला गेलं नाही. माझं डोकं दुखायचं थांबलं असं म्हणणार नाही. दुपारी सुरू होणारं दुखणं नसरापूरनंतर सुरू व्हायला लागलं, मग कधी कधी घरापर्यंत यायचंच नाही. तांदळात खडे सापडायला लागले.

दिसायला लागलं तसा हाताला वेग आला. जे काम पावसाळ्याच्या शेवटापर्यंत चालेल असं धरून मी मुलीची फी आणि घराची कौलं जुळवली होती, ते वैशाखातच संपलं. ठेकेदाराचा टेम्पो आला, संगणक घेऊन गेला. भाऊसाहेबांनी भिंतीवरची काच उतरवली, टॉवेलात गुंडाळली आणि काखेत धरून घरी नेली. आम्ही दोघी एसटी स्टँडवर बसलो. भाभी म्हणाली, "आपन जरा हळू करायला पायजे व्हतं, ताई." मी म्हटलं, चुका करत हळू केलं असतं तर दिवाळीनंतरच घरी बसलो असतो. तिला पटलं. मला पटलं नाही, पण बोलले.

त्या अनुभवावर पुढे भोरमध्ये एका दुकानात लग्नपत्रिका, अर्ज, सातबाऱ्याच्या नकला असं टायपिंगचं काम मिळालं, नंतर माझं स्वतःचं छोटं दुकान झालं. खंडेनवमीला मी संगणकाच्या खालच्या डब्याला हळदकुंकू लावते, स्क्रीनला नाही. गिऱ्हाईक पत्रिकेचं प्रूफ बघायला येतं. उत्रोलीचे, हिर्डोशीकडचे, चारजण एका स्टुलाभोवती उभे राहतात आणि त्यातला मोठा म्हणतोच, "बाई, उजेड वाढवा की जरा. मळकं दिसतंय." मी वाढवते. त्यांना लख्ख दिसतं, बरं वाटतं, मामांची नावं बघून ते पसंत करतात. ते पायरी उतरले की मी पुन्हा कमी करते, आणि ती नावं मूळ कागदाशी एकदा ताडून बघते.